पाणी घातलं की घट्ट होतं

सोमवार, ३ मार्च

आज पेस्ट पास झाली. दिवाळीपासून प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवलेली डबी उघडली, नमुना काढला, तपासला. पेरॉक्साइडची ताकद जवळजवळ होती तेवढीच. पुन्हा तपासलं, कारण चांगली बातमी मला पहिल्यांदा कधीच खरी वाटत नाही. तीच निघाली.

अठरा वर्षं मी इथे केमिस्ट आहे. वसई पूर्वेला गाळ्यांच्या रांगेत आमचा एक लांबट कारखाना. भांड्यांचं लिक्विड, फरशीचा साबण, हात धुवायचा साबण. सगळं दुसऱ्यांच्या नावाने विकलं जातं. आमचे मालक रामचंद्रशेठ म्हणायचे, "संपदाबाई, एकदा आपल्या नावाचं काहीतरी करा." ते गेले आणि मग हे झालं. केळीच्या चिकाचे डाग काढणारी पेस्ट.

केळीचा डाग जात नाही, हे वाडीत जन्मलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. माझ्या आईच्या प्रत्येक साडीला एक चांगली बाजू होती. लग्नकार्यांच्या फोटोंत ती कायम उजवा खांदा मागे घेऊन उभी दिसते. घड उचलायची ती त्या खांद्यावरून. लहानपणी मला वाटायचं, आई फोटोला लाजते.

उद्या छोट्या मालकाला, प्रितेशला, सगळं समजावून सांगायचं आहे, म्हणून इथे एकदा लिहून बघते. साबणाचं मूळ द्रव्य बेतशीर पाण्यात मिसळलं की त्याचे रेणू थरावर थर लावून बसतात. केळीचा खांब आडवा कापला की दिसतात तसे. ना धड द्रव, ना धड घन. पुस्तकात याला द्रवस्फटिक म्हणतात. डाग उडवणारं पेरॉक्साइड त्या थरांत कोंडलेलं असतं, म्हणून शांत राहतं. कपड्यावर लावून पाणी शिंपडलं की थर मोडतात आणि ते कामाला लागतं. द्रव्यं तीच, वेग निराळा. वेग ठरवते ती रेणूंची बैठक.

बरं जमलंय. उद्या असंच बोलता आलं पाहिजे.

परेशला सांगितलं. म्हणाला, "अभिनंदन. म्हणजे आता शर्टावर डाग पडला तर माझ्याकडे कारणच उरलं नाही." नवऱ्याकडून कौतुक असंच चिमट्याने उचलून घ्यावं लागतं.

शनिवार, ८ मार्च

महिला दिन. चंद्रहासकाकांनी सगळ्या बायकांना एकेक गुलाब दिला. काका म्हणजे रामचंद्रशेठांचे धाकटे भाऊ, विक्री त्यांच्याकडे. कारखाना शेठांचा मुलगा प्रितेश बघतो, पण काका बोलायला लागले की तो जमिनीकडे बघतो.

सकाळी गुलाब, दुपारी बोलावणं.

"मॅडम, माल झकास. पण डबी कोण घेणार? बाईमाणसाला ओतता आलं पाहिजे. बाटली करा."

"पातळ केली तर थर मोडतील, काका. पेरॉक्साइड टिकणार नाही."

"तुम्ही फार मनाला लावून घेता. थोडं पाणी घातलं तर काय होतं? आमच्या आईने वरणात पाणी घालून अख्खं घर वाढवलं."

"वरण बाटलीत भरून झाकण घट्ट लावत नव्हत्या त्या. पेरॉक्साइड मोडलं की वायू सुटतो. बाटली फुगते."

मागे शकू हसली. ती भरणीच्या टेबलावर असते, चांदीप गावाहून येते. काकांनी वळून बघितलं तशी गुलाब हुंगायला लागली.

प्रितेश जमिनीकडेच बघत होता. शाळेत असताना वडिलांबरोबर यायचा आणि माझ्या टेबलाखाली बसून लिटमसच्या पट्ट्या लिंबाने लाल करायचा. तेव्हापासून मी त्याची ताई. काकांसमोर मॅडम.

गुलाब शकूच्या डब्यात टाकला. म्हणाली, "भाजी करू का याची?"

बुधवार, १९ मार्च

काल दाढ काढायला रजा घेतली. एक दिवस. आज गेले तर मोठ्या टाकीतला माल घुसळणारा पंखा, आमचा ढवळ्या, बंद पडलेला आणि सगळे भोवती उभे.

"बाय, पानी टाकलं न् दगड झाला," शकू म्हणाली. "असं कुठं असतं? आमची पेज पानी टाकलं का पातल होते."

साबणाच्या धंद्यात नवा माणूस हमखास ही चूक करतो. आमच्याकडे कायम पाण्यात पेस्ट सोडतात, थोडी थोडी. पेस्टमध्ये पाणी कुणी ओतत नाही, त्यामुळे काय होतं ते कुणी पाहिलेलंच नव्हतं. काकांनी काल उभं राहून ओतायला लावलं. पातळ करायचं म्हणजे पाणी घालायचं, यात विचारायचं काय?

पण पाणी घातलं की आधी घट्ट होतं. थर मोडतात, रेणूंच्या लांब कांड्या होतात आणि त्या अगरबत्तीच्या पुड्यासारख्या एकमेकींना चिकटून बसतात. चमचा उभा राहील इतकं घट्ट. आणखी बरंच पाणी घातलं की पुडा सुटतो आणि मग सगळं वाहू लागतं. म्हणजे माझ्या पेस्टला पातळ व्हायचं तर आधी पूर्ण मोडावं लागतं. त्यांनी अर्धी टाकी तापवून तेच केलं होतं, रात्रपाळी लावून. ढवळ्या जळला, पण निम्मा माल पातळ होऊन बाटल्यांत भरला गेला होता. सील लावून.

जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरच्या दोन फिल्मा मी जपून ठेवल्यात. एकीवर दुसरी आडवी धरली की काळोख. मध्ये पेस्टचा ठिपका ठेवला की त्या काळोखात उजेड दिसतो. थर शाबूत असल्याची खूण. बाटलीतला थेंब ठेवला. काळोख तसाच राहिला.

काकांना दाखवलं. त्यांनी फिल्म उलटसुलट केली आणि म्हणाले, "अंधारात कोण कपडे धुतं, मॅडम?"

दाढेची जागा ठणकतेय. राग नेमका कुठला आणि ठणका कुठला, आज वेगळं काढता येत नाही.

रविवार, ३० मार्च

पाडवा. विरारला फुलपाड्यातल्या आमच्या घराच्या गॅलरीत वर गुढी आणि खाली कारखान्यातून आणलेल्या बाटल्या, उन्हात एका रांगेत. सपाट होत्या त्यांना पोटं आली आहेत. परेश श्रीखंडाची वाटी घेऊन बाहेर आला, बघत राहिला आणि म्हणाला, "यांची ओटी कधी भरायची?"

शेजारीच माझ्या पेस्टच्या डब्या ठेवल्यात. त्या जशाच्या तशा.

बाटलीतली ताकद दिवसागणिक झरझर उतरते आहे, आणि कारखान्यात बाटल्यांची भरणी चालूच आहे. प्रितेशला फोन केला. म्हणाला, "ताई, काकांनी डिस्ट्रिब्यूटरला अक्षय्य तृतीयेची तारीख देऊन टाकलीय."

"तारीख तुझ्या काकांनी दिली, पेरॉक्साइडने नाही."

फोन मीच ठेवला. सणाच्या दिवशी असं बोलायला नको होतं. पण बोलले.

शुक्रवार, ४ एप्रिल

साप्ताहिक सुट्टी, म्हणून घरी होते. दुपारी गॅलरीत धाडकन आवाज झाला. एका बाटलीचं झाकण उडून खिडकीच्या काचेवर आदळलं होतं. काचेला तडा. दोरीवर परेशचा निळा शर्ट वाळत होता. छातीपासून कॉलरपर्यंत फेस, आणि फेस धुतल्यावर तिथे रंगच उरला नाही.

त्या शर्टाच्या उंचीवर चेहरा असतो.

परेश आला, शर्ट हातात घेऊन बघितला. जेवायला बसला. मग म्हणाला, "सोड ना ती नोकरी." मी म्हटलं, सोडून काय करू, घरी बसून बाटल्या फुटायची वाट बघू? अठरा वर्षांत त्याला माझं काम कळलंच नाही, असं वाटून गेलं. नंतर बघते तर त्याने शर्टाची नीट घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवलीय. टोमणा मारायची ही पण एक पद्धत. उद्या बाहेर काढून ठेवीन.

सोमवार, ७ एप्रिल

शर्ट काढायला विसरले होते. तो तसाच पर्समध्ये कारखान्यात गेला, आणि बरंच झालं. काकांच्या टेबलावर पसरला.

"उन्हात ठेवाल तर काहीही फुटेल," काका म्हणाले. "दुकानात ऊन नसतं."

"एप्रिलमध्ये विरारच्या किराणा दुकानात काय असतं मग? बर्फ?"

"मॅडम, आवाज खाली."

मी आवाज खाली केला नाही. वाढवलाही नाही.

प्रितेश तेव्हा पहिल्यांदा बोलला. "ताई... मॅडम, पाण्यामुळेही असेल ना? आपला टँकरवाला बदललाय गेल्या महिन्यात."

इतका राग आला. वाटलं, हाही काकांच्या बाजूला गेला. म्हटलं, "पाण्यावर ढकलू नकोस. थर मोडले म्हणून हे झालंय."

त्यानंतर चहा आला. हल्ली आमच्याकडे चहा काळाकुट्ट होतो. शकू कप पुढे धरून म्हणाली, "शेट, चा हाय का शाई?" सगळे हसले. मी रागात तसाच पिऊन टाकला.

गुरुवार, १० एप्रिल

मी मूर्ख आहे.

आज सकाळी घरचा चहा तांबूस, कारखान्यातला काळा, एकाच कंपनीच्या पुडीचा. पाण्यात लोह असलं की चहा काळा पडतो, हे अकरावीच्या मुलानेही सांगितलं असतं. आणि लोह पेरॉक्साइडला मोडतं. नुसत्या चिमटीभर लोहाने त्याची धावाधाव होते. नव्या टँकरचं पाणी लोहाचं आहे. सगळ्या बाटल्या त्याच पाण्याने भरलेल्या. मी तो चहा रोज पीत होते आणि प्रितेशला उत्तर देत होते.

खरं लिहायचं तर पहिला विचार आला तो हा: सांगू नये. पाण्याचा दोष निघाला तर काका म्हणणार, मग पाणी बदलतो, बाटली राहू द्या. माझे थर, माझी फिल्म, माझी केळीच्या खांबाची गोष्ट, सगळं बाईचं वेड ठरणार. आणि कदाचित असेलही ते वेडच. आपल्याला जे खरं असावंसं वाटतं तेच तपासताना हात हलका होतो.

दुपारपर्यंत हे डोक्यात घोळवलं. मग चार बरण्या घेतल्या. एकीत माझी पेस्ट शुद्ध पाण्यात, दुसरीत पेस्टच पण टँकरच्या पाण्यात. तिसरीत पातळ माल शुद्ध पाण्यात, चौथीत पातळ माल टँकरच्या पाण्यात. चौघींना सारखंच पेरॉक्साइड, सारखीच उबदार जागा. आता बरण्या बोलतील ते ऐकायचं, माझ्याविरुद्ध बोलल्या तरी.

गुरुवार, १७ एप्रिल

बोलल्या.

टँकरच्या पाण्यातला पातळ माल जवळजवळ मेला. प्रितेश बरोबर होता. शुद्ध पाण्यातला पातळ मालही उतरतो आहे, सावकाश, पण थांबत नाही. म्हणजे मीही बरोबर होते. आणि ज्या बरणीची मला भीती होती, ती टँकरच्या पाण्यातली पेस्ट, ती जवळपास जागची हललेली नाही. लोह तिच्यातही तेवढंच आहे. पण थरांच्या गल्ल्यांमध्ये त्याला फिरता येत नाही, पेरॉक्साइडपर्यंत पोचता येत नाही. पातळ मालात मैदान मोकळं.

प्रितेशला एकट्याला बोलावलं. आधी तो कुठे बरोबर होता ते सांगितलं. तोंडातून शब्द काढायला जरा जोर लागला. त्याने चारही बरण्या उचलून उजेडात धरल्या.

"म्हणजे पाणी बदललं तरी बाटली फुगणार?"

"उशिरा. पण फुगणार."

"आणि डबी?"

"डबी तुझ्या त्या शाईच्या पाण्यातसुद्धा गप्प बसली."

तो हसला. शेठ गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. मग आम्ही दोघे काकांकडे गेलो. मी पुन्हा सगळं सांगितलं, बरण्या ठेवल्या.

काका म्हणाले, "छान. पुढच्या मालाला चांगलं पाणी घ्या. भरलेला माल जाणार."

"तो सगळ्यात वाईट आहे, काका. चौथी बरणी म्हणजे तोच माल."

"डाग कमी निघेल. माणूस मरत नाही."

"कुणाच्या तरी चेहऱ्याजवळ झाकण उडेल."

"मॅडम, रामचंद्रदादांनी तुम्हाला फार चढवून ठेवलंय."

मी प्रितेशकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. मघाशी हसणारा हाच का, असा प्रश्न पडला. शेवटी रक्त रक्ताकडेच जातं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा राग आला.

बुधवार, २३ एप्रिल

शनिवारी ट्रक येणार. खोकी गोदामात थप्पी लावून ठेवली आहेत. गोदामाचं कुलूप प्रितेश स्वतः लावतो, दोनदा ओढून बघतो, कधी गेटपासून परत येऊन पुन्हा एकदा ओढतो. कुणाच्या हाती किल्ली देत नाही.

आज संध्याकाळी माझ्या टेबलाशी आला. उगाच इकडचं तिकडचं बोलत राहिला. मध्येच विचारलं, "ताई, सील तुटलेला माल डिस्ट्रिब्यूटर घेतात का हो?"

"उचलतही नाहीत. का?"

"नाही, असंच." माझ्या चष्म्याचं घर उचललं, परत ठेवलं. "उद्या मी जरा उशिरा येईन. काकांना घेऊन येईन. दहा तरी वाजतील."

तो गेल्यावर बघितलं तर चष्म्याच्या घराखाली गोदामाची किल्ली. हाक मारत गेटपर्यंत धावले, पण त्याने बाइक चालू केली होती. आरशात दिसले असेन असं वाटलं, पण थांबला नाही. या पोराच्या डोक्यावर इतकं ओझं टाकलंय काकांनी की किल्लीसुद्धा विसरायला लागला. उद्या तापतील त्याच्यावर.

पण किल्ली हातात आल्यापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. देवाशपथ, किल्ली नसती तरी मी तेच केलं असतं. कुलूप तोडायला हातोडी लागते, केमिस्टची पदवी नाही.

गुरुवार, २४ एप्रिल

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. गोदाम उघडलं, दारं सताड उघडी टाकली, वारा येऊ दिला. हातमोजे, चष्मा, रबरी चपला. पहिलं खोकं फोडलं, पहिल्या बाटलीचं झाकण कापडात धरून हळूच पिळलं. फुस्स झालं. बाटलीचं पोट बसलं.

चौथ्या की पाचव्या खोक्यावर होते तेव्हा शकू आली. दारात उभी राहून बघत राहिली.

"तू बाजूला राहा," मी म्हटलं. "तुझी नोकरी जाईल."

"बाय, तीन आठवडे ही झाकनं लावून माझी बोटं वाकली. एकदा उघडून तरी बघू दे."

तिला चष्मा घालायला लावला, हातमोजे दिले. मग भरणीवरच्या बाकीच्याही आल्या. कुणी काही विचारलं नाही. फुस्स, फुस्स, फुस्स. एकजण म्हणाली, माझी सासू झोपेत असाच आवाज काढते. हसता हसता एकीची बाटली फेसाळली आणि मी ओरडले, तोंड लांब ठेवा, हे हसण्यावारी नेऊ नका. सगळ्या पुन्हा गंभीर झाल्या, मग पुन्हा हसल्या. एवढा आनंद मला अठरा वर्षांत त्या गाळ्यात झाला नव्हता. भीती नव्हती असं नाही. पण हात थांबत नव्हते.

दहा वाजून गेल्यावर काका आणि प्रितेश आले. एकही सील शाबूत नव्हतं.

काकांनी एक बाटली उचलून झाकण फिरवून बघितलं. मग म्हणाले, "हे कुणी सांगितलं?"

"मी."

"किल्ली कुणी दिली?"

प्रितेशचा चेहरा पांढराफटक पडला होता. विसरभोळेपणाची एवढी मोठी शिक्षा त्याला कशाला? मी म्हटलं, "कुणी दिली नाही. मी उचलली. त्याला माहीत नाही."

त्यावर तो माझ्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा. काका आणि माझ्या मधोमध येऊन उभा राहिला आणि ओरडला, "मॅडम, कारखाना तुमच्या मालकीचा आहे का? उद्यापासून येऊ नका." आवाज मध्येच चिरकला, शाळेतल्या मुलासारखा. काका फोन लावत गाडीकडे गेले.

मी हातमोजे काढत होते. एका मोज्याला भोक पडलं होतं, बोटांची टोकं पांढरी झाली होती आणि चुरचुरत होती. प्रितेश जवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, "ताई, हात धुवा. नळाचं पाणी नको, पिण्याच्या जारचं घ्या."

एवढं बोलल्यावर हे सुचतं माणसाला. मी उत्तर दिलं नाही. जारचं पाणी मात्र घेतलं.

शुक्रवार, २५ एप्रिल

आज रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भांडी घासली, पंखे पुसले.

शकूचा फोन आला होता. ट्रक रद्द झाला. काकांनी वॉचमनला सांगून ठेवलंय, केमिस्टबाईला आत सोडायचं नाही. "प्रितेश काय म्हणाला?" मी विचारलं. "शेट कुठं बोलतो? बरण्या घेऊन बसलेला काल संध्याकालपर्यंत. चारी बरण्या समोर मांडून." माझ्याच बरण्या काकांना दाखवून माझ्याविरुद्ध काहीतरी उभं करणार असेल. करू दे. बरण्या कुणाच्याही हातात तेच बोलतील.

त्याचा फोन नाही. किल्ली अजून माझ्याच पर्समध्ये आहे, मागायलाही विसरला.

त्याने रागाच्या भरात उद्यापासून येऊ नका म्हटलं, तो उद्या म्हणजे आजचा शुक्रवार. गाळा बंदच असतो. उद्याचं काय, मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. त्या पेस्टला माझ्याशिवाय कुणी नीट बसवलेलं नाही आणि कुणाच्या सांगण्याने ती मोडू देणार नाही. वॉचमनने अडवलं तर गेटबाहेर उभी राहीन. तिथे निदान सावली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला कपड्यावरचा केळीचा डाग काढून दाखवीन. वसईत असा डाग नसलेलं माणूस सापडायला वेळ लागेल.

संध्याकाळी मी मटार सोलायला घेतले. परेशने बघितलं, समोर बसला आणि सोलायला लागला.

"उद्या घरी आहेस ना?" त्याने विचारलं.

"सुट्टी आज होती," मी म्हटलं.

तो थोडा वेळ सोलत राहिला. मग उठला, टोपलीतून आणखी मटार घेऊन आला आणि म्हणाला, "मग डब्यात शकूलाही पुरेल एवढी उसळ कर."